झाडावरचा टॅरंटुला पाळायचा तर कोणता? तुमचा आवडता सांगा

रानपाखरू
मंडळी, जमिनीवरचे टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, मी बरीच वर्षं सांभाळतोय. बिळाच्या तोंडाशी बसून राहणारे, शांत. आता झाडावर राहणारा एक आणायचं नक्की केलंय. उभी पेटी, कॉर्कची साल, वरच्या कोपऱ्यात विणलेली रेशमी नळी आणि तिच्या तोंडाशी टेकलेली पायांची टोकं, हे रोज बघायला मिळावं अशी फार इच्छा आहे.

डोक्यात चार नावं आहेत: गुलाबी बोटांचा ॲव्हिक्युलारिया ॲव्हिक्युलारिया, कॅरिबेना व्हर्सिकलर, सॅल्मोपियस इर्मिनिया आणि पोइसिलोथेरिया रेगालिस. आणायचा एकच. तुमचा आवडता कोणता, आणि का? रंगावर जीव जडला असेल तर तसं सांगा, पण सांभाळायला कसा, दिसतो किती, पेटी उघडली की काय करतो, हेही लिहा.

हिरवीपात
व्हर्सिकलर. पुढचा प्रश्न विचारा :)

कातवाला
व्हर्सिकलरला +१. पिल्लू अख्खं निळं असतं, धातूसारखी चमक असलेलं. मग दर कातीला निळा थोडा थोडा ओसरतो आणि मोठेपणी पाठ हिरवी, पोट लालसर, पायांवर जांभळट झाक असा वेगळाच प्राणी समोर येतो. एवढा बदल दुसऱ्या कुठल्या कोळ्यात मी पाहिलेला नाही. मूळचा मार्टिनिक बेटावरचा, निसर्गात दुसरीकडे कुठेच नाही. पूर्वी ॲव्हिक्युलारियातच मोजायचे, २०१७ साली त्या सगळ्या गटाची फेरमांडणी झाली तेव्हा वेगळा काढला. जुन्या लेखांत जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका.

सालीआड
रंगाचं सगळं खरं आहे. पण व्हर्सिकलर घ्या की गुलाबी बोटांचा, आधी हवेचं बघा. हे दोन्ही पेटीत मरतात ते बहुतेक वेळा कोंडलेल्या दमट हवेने, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या माहितीत लिहिलेलं असायचं, वर्षावनातला प्राणी आहे, दमटपणा भरपूर ठेवा. मग लोक काय करतात? झाकण घट्ट, भोकं चार, आणि रोज फवारा. पिल्लू काही दिवस ठणठणीत दिसतं, खातं-पितं, आणि एका सकाळी तळाशी पाय आखडून पडलेलं सापडतं. हौशी लोकांनी याला ‘अचानक मृत्यूचा आजार’ असं नावसुद्धा देऊन टाकलं. आजार वगैरे काही नाही. जंगलात फांदीवर धो धो पाऊस पडतो, पण वाराही असतो, आणि साल बघता बघता सुकते. पेटीत पाऊस आपण पाडतो आणि वारा विसरतो.

समोरासमोरच्या दोन बाजूंना जाळी हवी, म्हणजे हवा आरपार जाते. नुसत्या झाकणाला भोकं पाडून भागत नाही. तळ कोरडा ठेवायचा, पाण्याची वाटी कायम भरलेली. पिल्लू असेल तर जाळ्याच्या एका कडेला चार थेंब सोडायचे. ते पाणी पिताना एकदा नीट बघा. आधी पुढच्या पायाचं टोक थेंबाला लावून पाहतं, मग सावकाश पुढे सरकून तोंड टेकवतं आणि थेंब आटेपर्यंत हलत नाही.

दवबिंदू
सालीआड, तुमचं वाचून लोक दुसऱ्या टोकाला जातात हो. ‘कोरडं ठेवा’ एवढंच लक्षात ठेवतात आणि पाणीच बंद करतात. पिल्लाचं पोट लहान असतं, पाणी साठवायला जागाच कमी. पोटाला सुरकुत्या दिसल्या की ते तहानलेलं आहे. आणि अंगात पाणी कमी असताना कात टाकायची वेळ आली तर पाय जुन्या कातडीत अडकतात. माझ्याकडे पिल्लांना रोज संध्याकाळी थेंब मिळतात आणि सगळी धडधाकट आहेत.

सालीआड
दवबिंदू, आपण एकच बोलतोय. पाणी द्याच. ते उडून जायला वाट ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

दवबिंदू
मग हरकत नाही. पण हे वाक्य आधीच्या प्रतिसादात हवं होतं.

वेताळटेकडी
सगळे व्हर्सिकलरमागे लागलेत, म्हणून सॅल्मोपियसची बाजू मी घेतो. इर्मिनिया हा माझा आवडता, आणि तो तसाच राहणार. मखमली काळा, पायांच्या टोकांकडे केशरी ठिणग्या, पोटावर केशरी पट्टे. रात्री मंद लाल दिव्यात सालीवर चढताना बघितला की बाकी सगळं विसरायला होतं.

खायला कधी नाही म्हणत नाही, वाढतो भराभर, आणि हवा-पाण्यातल्या लहानसहान चुका पोटात घालतो. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाज सुटवणारे केस असतात, सॅल्मोपियसला ते नाहीत. म्हणजे पेटी साफ करताना हाताला पुरळ नाही.

आता दुसरी बाजू. केसांचं हत्यार नाही म्हणून तो पळतो किंवा चावतो. पळतो म्हणजे डोळ्यांना कळायच्या आत पेटीच्या दुसऱ्या टोकाला. आणि वरच्या कोपऱ्यातली पांढरीशुभ्र नळी बघायची असेल तर इर्मिनिया थोडा हिरमोड करेल. हा जाळ्यात माती, सालीचे तुकडे, असेल ते विणतो आणि त्या मळकट पडद्यामागे दिवस काढतो. मोठी मादी दिवसा क्वचितच दिसते.

मधुमालती
त्याच सॅल्मोपियस गटातला कॅम्ब्रिजेई का नाही सांगितलात? त्रिनिदादचा. शेवाळी हिरवा, पोटावर बाणांसारखी नक्षी, पायांवर तांबडे ठिपके. इर्मिनियाइतका लपत नाही. आमच्याकडची मादी संध्याकाळ झाली की सालीवर उतरून बसते, दिवा लावला तरी जागची हलत नाही. देखणेपणात इर्मिनिया वरचढ असेल, पण जो दिसतो तो पाळावा असं मला वाटतं.

नवखा_पाहुणा
मी यातलं काहीही पाळत नाही आणि पाळण्याचा विचारही नाही. धागा उघडला, अंगावर काटा आला, तरी पुढे वाचतोच आहे. एक सांगा, चावला तर माणूस मरतो का?

वेताळटेकडी
नाही. टॅरंटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. पण ‘मरत नाही’ आणि ‘काही होत नाही’ यांत फार अंतर आहे. गुलाबी बोटांचा चावला तर बहुतेकांना थोडं दुखणं आणि थोडी सूज, तेवढ्यावर भागतं. सॅल्मोपियस चावला तर आग आग होते.

ही आग कशी होते तेही शोधून काढलंय. कॅम्ब्रिजेईच्या विषात असे रेणू सापडले की जे आपल्या मज्जातंतूंवरच्या मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या ग्राहीलाच चालू करतात. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे मिरची आणि हा कोळी, दोघांनी शत्रूला पळवून लावायला एकच कळ शोधलेली आहे.

सालीआड
आणि पोइसिलोथेरियाचा दंश या सगळ्यांपेक्षा वाईट, हे रानपाखरूंनी नीट लक्षात घ्यावं. स्नायूंना जबरदस्त पेटके येतात, छातीत-पोटातसुद्धा, आणि काहींना ते बरं वाटल्यावर काही दिवसांनी परत येतात. चावला तर थेट डॉक्टर गाठायचा आणि कोणता कोळी ते नावानिशी सांगायचं. घरात लहान मुलं असतील तर मी पोइसिलोथेरियाचा विचारसुद्धा करणार नाही.

नवखा_पाहुणा
धन्यवाद. आता अजून एक. पक्षी खातात म्हणतात ते खरं का?

जुनीपोथी
थोडं अवांतर होईल, पण माझा आवडता विषय आहे म्हणून लिहितो.

मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार आणि कीटक अभ्यासक १६९९ साली सुरिनामला गेली. त्या काळात एका बाईने मुलीला घेऊन, किडे-फुलपाखरं रंगवण्यासाठी समुद्र ओलांडून जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. परत येऊन १७०५ साली तिने चित्रांचा मोठा ग्रंथ छापला. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर मोठा काळा कोळी गुंजनपक्ष्याला धरून बसलेला आहे, शेजारी घरटं आणि अंडी. पुढे कितीतरी जणांनी ही थाप आहे असं म्हणून तिला खोटं ठरवलं. १८६३ साली हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने ॲमेझॉनमध्ये स्वतः पाहिलेला प्रसंग लिहिला: झाडाच्या खोडावर कोळी आणि त्याच्या जाळ्यात दोन लहान पक्षी, एक मेलेला आणि एक कोळ्याखाली दबलेला. तेव्हा कुठे लोकांना पटू लागलं.

तर असं घडू शकतं, पण रोजचं खाणं किडेच. आणि लिनियसने १७५८ साली गुलाबी बोटांच्या कोळ्याचं शास्त्रीय वर्णन केलं त्यामागे मेरियनचं ते चित्र होतं. रानपाखरू, तुम्ही हा कोळी घेतलात तर तीनशे वर्षांचा इतिहास पेटीत येईल. माझं मत त्यालाच.

नवखा_पाहुणा
काय सुंदर माहिती दिलीत जुनीपोथी! यावर वेगळा धागा काढा की.

निळाई
चारही नावं चांगली आहेत, पण मेटॅलिका यादीत नाही हे बघून वाईट वाटलं. माझ्यासाठी झाडावरचा कोळी म्हणजे पोइसिलोथेरिया मेटॅलिका. गडद निळा, पाठीवर पांढरी नक्षी, आणि पाय वर उचलले की खालून पिवळा भडक पट्टा. गंमत म्हणजे या निळ्यात निळं रंगद्रव्य नाहीच. केसांची अतिसूक्ष्म रचना अशी आहे की प्रकाशातला निळाच तेवढा परत फिरतो. २०१५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की टॅरंटुलांमध्ये निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झालाय. प्रकाश बदलला की त्याच्या अंगावरची छटा बदलते, फोटोत ते कधीच उतरत नाही.

सालवन
निळाई, रंगाबद्दल वादच नाही. पण मेटॅलिकाचं नाव आलं की मला त्याच्या जंगलाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली याचं वर्णन केलं ते आंध्रातल्या गुत्तीला रेल्वेच्या लाकडांत सापडलेल्या नमुन्यावरून. त्यानंतर शंभर वर्षं पत्ताच नाही. २००१ साली तो परत सापडला, गुत्तीपासून साधारण शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. म्हणजे गुत्तीचा तो पहिला नमुना बहुधा लाकडांबरोबर रेल्वेने आलेला. सगळं मिळून शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही लहान भाग, त्यातही जुन्या झाडांच्या ढोल्या पाहिजेत. जळणासाठी झाडं तुटली की ढोली गेली, ढोली गेली की कोळी गेला. २००८ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. आणि सापडल्याची बातमी पसरल्यावर थोड्याच वर्षांत तो परदेशातल्या पेट्यांमध्ये दिसायला लागला. कसा पोचला असेल, ते सांगायला नको.

२०१९ पासून पोइसिलोथेरियाच्या सगळ्या जाती साइटिस या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे देशाबाहेरच्या व्यापाराला परवाना लागतो. पेटीत जन्मलेली पिल्लं आज भरपूर मिळतात हे मलाही माहीत आहे. पण ‘पेटीत जन्मलेला’ हे तोंडी सांगणं आणि त्याचे कागद असणं, यांत फरक करा. रानपाखरू, हे रेगालिसलाही तितकंच लागू आहे.

निळाई
सालवन, माझ्याकडची पेटीत जन्मलेलीच आहे, कागदांसकट. तरीही तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक मेटॅलिका पाळणाऱ्याने वाचायला हवं.

कातवाला
सालवनला पूर्ण अनुमोदन. मी तर पुढे जाऊन म्हणेन की कुठलीही जात असो, जंगलातून पकडलेला मोठा कोळी घेऊच नका. वय माहीत नसतं, अंगात परजीवी असू शकतात, आणि नर असेल तर प्रौढ झाल्यावर त्याचे थोडेच महिने उरलेले असतात.

गोष्टीवेल्हाळ
रेगालिसबद्दल कुणीच धड बोललं नाही, म्हणून मी. सालीवर बसलेला रेगालिस शोधणं हा एक खेळ आहे. अंग चपटं करून सालीला असा चिकटतो, राखाडी-पांढरी नक्षी अशी मिसळते, की पेटी रिकामी आहे असंच वाटतं. मग झुरळ सोडा. साल हलल्याचा भास होतो, आणि झुरळ दिसेनासं झालेलं असतं.

बहिणी-भावंडं एकत्र वाढवता येतात म्हणून काही लोक एका पेटीत पाच-सहा ठेवतात. ढोलीत हे निसर्गतः गटाने राहतात हे खरं, पण पेटीत गट फुटला की एकेक कमी होत जातो. मला ते बघवत नाही. एकटाच ठेवावा.

हिरवीपात
हातावर कोणता घेता येईल याबद्दल कुणी लिहिलं नाही. गुलाबी बोटांचा हातावर घेतलेले व्हिडिओ तर हजारो आहेत. त्याचा मऊ पाय तळव्यावर पडतो म्हणे, कापसासारखा.

दवबिंदू
हिरवीपात, मनापासून सांगते, नका घेऊ. कोळ्याला लळा लागत नाही, हात म्हणजे त्याच्यासाठी फक्त एक कोमट फांदी. घाबरला तर उडी मारतो, झाडावरचे खरंच चांगली झेप घेतात, आणि उंचावरून वेडावाकडा पडला तर पोट फुटतं. कधी कधी पाठ वळवून विष्ठेची पिचकारीही मारतो, नेम उत्तम असतो :) हलवायचा असेल तर पारदर्शक डबा आणि मऊ कुंचला, बस.

हिरवीपात
पिचकारीचं वाचून हौस फिटली :) डबाच बरा.

मिरगाचा_किडा
अजून एक नाव टाकतो, कुणी ऐकलंही नसेल. टायफोक्लीना सेलाडोनिया. ब्राझीलचा. अगदी चिमुकला, पण अंगावर हिरवा, निळा, तांबडा, सोनेरी, सगळे रंग. झाडाच्या सालीत बीळ करतो आणि त्याला चक्क दार बसवतो, उघडझाप करणारं. माझ्याकडे नाही. पण ‘आवडता’ विचारलंत तर हाच.

वेताळटेकडी
मिरगाचा_किडा, वा! पण रानपाखरूंना रोज दिसणारा पाहिजे, आणि तुम्ही दाराआड राहणारा सुचवताय.

रानपाखरू
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं. रेगालिस सोडला. घरात लहान मुलगी आहे, सालीआडांनी लिहिल्यावर पुढे विचारच केला नाही. इर्मिनिया फार मोहात पाडतो, पण मला नळी बघायचीय आणि तो मातीच्या पडद्यामागे बसणार. उरले दोन. व्हर्सिकलरचे रंग बदलताना बघायचे तर पिल्लापासून घ्यायला हवा, आणि पिल्लूपणीच तो सगळ्यात नाजूक. बरोबर ना?

कातवाला
बरोबर. म्हणून गुलाबी बोटांचा घ्या, आणि पिल्लू नको, अर्धवट वाढलेला घ्या. त्यातही गंमत आहेच. यांची पिल्लं उलट रंगाची असतात, पाय फिके आणि टोकं काळी. वाढता वाढता पाय काळवंडतात आणि टोकं गुलाबी होतात. अर्धवट वाढलेल्यात हा बदल शेवटाकडे आलेला असतो, तो तुमच्यासमोर पुरा होईल.

मादी हवी असेल तर विकणाऱ्याकडे टाकलेली कात मागा. पोटाकडचा भाग ओला करून उलगडला की मादीची शुक्रकोशिका (नराचं वीर्य साठवायची पिशवी) भिंगाखाली दिसते. मादी दहाएक वर्षं सोबत करेल, नर त्याच्या निम्माही नाही.

मधुमालती
मीही कॅम्ब्रिजेईचा हट्ट सोडते. तुम्हाला जे बघायचंय ते गुलाबी बोटांचाच दाखवेल. एक मात्र, पेटी वरून उघडणारी घेऊ नका. हे नळी नेमकी झाकणाला लावून विणतात, आणि दर वेळी झाकण उचललं की घर फाटतं आणि कोळी थेट तुमच्या मनगटापाशी. समोर दार हवं, तळापासून थोडं वर.

दवबिंदू
आणि नळीचं तोंड बंद करून आठवडेच्या आठवडे आत बसली तर घाबरून उकरू नका. कात टाकायच्या तयारीत असते. त्या काळात रातकिडा सोडायचा नाही. ताज्या कातीतलं अंग इतकं मऊ असतं की रातकिडाच तिला कुरतडतो.

रानपाखरू
ठरलं, गुलाबी बोटांची मादी, अर्धवट वाढलेली, पेटीत जन्मलेली. समोर दार असलेली काचेची पेटी आहे माझ्याकडे, पण हवा फक्त झाकणातून जाते. दोन्ही बाजूंच्या काचा काढून तिथे ॲक्रिलिक बसवतो आणि त्यात जाळी लावतो. प्लॅस्टिकची डासांची जाळी चालेल का?

सालीआड
प्लॅस्टिकची नको, रातकिडे ती कुरतडून बाहेर येतात. स्टीलची घ्या, आणि विणीची भोकं अगदी बारीक. मोठ्या भोकांत कोळ्याची नखं अडकतात आणि सोडवून घेताना पाय तुटतो. एका बाजूची जाळी खाली ठेवा, दुसऱ्या बाजूची वर. आणि बसवल्यावर कोळी आणायच्या आधी पेटी एकदा पूर्ण भिजवून बघा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साल सुकली नाही तर जाळी अजून वाढवा.